ब्लँकेट ऊब देत नाही



या वेळी अभ्यासाच्या पानासाठी मी पवित्र शास्त्रातला उतारा निवडलेला नाही. माध्यमिक शाळेच्या विज्ञानातला 'उष्णता' हा धडा निवडला आहे. नवघरच्या आपल्या संध्याकाळच्या अभ्यासवर्गात गेली तिमाही हाच धडा चालला होता. माझे स्वतःचे विज्ञान दहावीवर थांबले आणि पुढे मी धर्मशास्त्राची पदविका घेतली. म्हणून हा धडा मी मुलांच्या बरोबरीने, काही वेळा मुलांकडूनच शिकलो. आपण दर डिसेंबरात ब्लँकेटे वाटतो आणि पावसाळ्याआधी छपरांसाठी पत्रे देतो. या दोन्ही कामांचा हिशेब या धड्यात आहे, हे शिकताना लक्षात आले. देणाऱ्यांनाही तो हिशेब कळावा म्हणून हे लिहीत आहे.

उष्णता वेगळी, तापमान वेगळे

बोलताना आपण हे दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतो. धडा मात्र इथूनच सुरू होतो. दिवाळीतल्या फुलबाजीची उडालेली ठिणगी हातावर पडली तर जेमतेम टोचल्यासारखे होते. तिचे तापमान हजार अंशांच्या आसपास असते. चहाच्या आधणाचे तापमान शंभराच्या आतच असते, पण ते हातावर सांडले तर फोड येतात. असे का होते? ठिणगी फार तापलेली असली तरी कणभर असते, म्हणून तिच्यात उष्णता थोडी असते. पाणी कमी तापलेले असले तरी भरपूर असते आणि त्यात उष्णताही भरपूर असते.

पदार्थाचे कण सतत हलत असतात. ते सरासरी किती जोराने हलतात ते तापमान सांगते. उष्णता म्हणजे एका वस्तूकडून दुसरीकडे जाणारी ऊर्जा. तिचा एक नियम पक्का आहे. ती आपणहून नेहमी गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे जाते. 'थंडी आत शिरते' असे आपण म्हणतो, पण थंडी नावाची वस्तू कुठून येत नाही. आपली उष्णता बाहेर जाते, एवढेच.

दुसरी गोष्ट, सगळे पदार्थ सारखे तापत नाहीत. एक किलो पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते. एक किलो लोखंडाला तेवढ्यासाठी सुमारे ०.११ किलोकॅलरी पुरते. म्हणजे सारखीच उष्णता दिली तर लोखंडाचे तापमान पाण्याच्या नऊपट वाढते. हा आकडा लक्षात ठेवा. पत्र्याच्या वेळी तो पुन्हा लागेल.

उष्णतेच्या तीन वाटा

पहिली वाट वहनाची. वस्तूला वस्तू टेकली की उष्णता एका कणाकडून शेजारच्या कणाकडे जाते. तव्याचे लोखंडी कान हाताला भाजतात, पण पळीची लाकडी मूठ भाजत नाही. धातू सुवाहक आहे, लाकूड दुर्वाहक. स्थिर हवा तर लाकडापेक्षाही दुर्वाहक असते.

दुसरी वाट अभिसरणाची. गरम झालेले पाणी किंवा हवा हलकी होऊन वर जाते आणि तिच्या जागी थंड येते. भाताच्या आधणात तांदूळ खालीवर फिरतात, ते यामुळेच. आपल्या भाईंदरच्या खाडीवरही हेच घडते. दिवसा जमीन पाण्याआधी तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्राकडून खारे वारे येतात. रात्री जमीन आधी निवते आणि उलटे मतलई वारे सुटतात. उत्तनच्या कोळी बांधवांना हे पुस्तकाविना ठाऊक आहे.

तिसरी वाट प्रारणाची. तिला मध्ये कशाचीच गरज नसते. सूर्याची उष्णता सुमारे १५ कोटी किलोमीटरची पोकळी ओलांडून येते ती याच वाटेने. आमच्या वर्गातल्या काही मुलांचे आईवडील हंगामात वीटभट्टीवर जातात. एक मुलगा म्हणाला, "सर, वारा पाठीकडून आला तरी भट्टीसमोर तोंड भाजतं." मी दिलेल्या कोणत्याही उदाहरणापेक्षा हे चांगले होते.

घाम आणि माठ

आणखी एक वाट आहे, बाष्पीभवनाची. पाण्याची वाफ होताना ते आजूबाजूची उष्णता ओढून घेते. माठातले पाणी थंड होते ते यामुळे. नवघरच्या आजूबाजूला ज्यांनी मिठागरे पाहिली आहेत, त्यांनी हीच गोष्ट फार मोठ्या प्रमाणावर पाहिली आहे. सूर्य महिनोन्‌महिने उष्णता देतो, खारे पाणी ती घेऊन उडून जाते आणि मीठ मागे राहते.

आपला घामही हेच काम करतो. अंगावरचा एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण तो वाळला पाहिजे. किनाऱ्यावरच्या दमट हवेत घाम नुसता ओघळतो आणि शरीर निवत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानावरील कार्यक्रमात बसलेल्यांपैकी १४ जण उन्हाच्या त्रासाने दगावले. त्या दिवशी पारा चाळिशीच्या आतच होता. म्हणून मिठागरावर किंवा बांधकामावर राबणाऱ्या माणसाकडे पाहताना फक्त तापमानाचा आकडा पाहू नये. हवा किती दमट आहे आणि त्याला सावली व पाणी मिळते का, हेही पाहावे.

बर्फाचा खडा आणि माझी चूक

वर्गात मी बर्फाचे दोन सारखे खडे आणले. एक उघड्या ताटलीत ठेवला, दुसरा लोकरीच्या शालीत गुंडाळला. आधी कुठला वितळेल, असे विचारले. जवळजवळ सगळी मुले म्हणाली, "शालीतला. शाल गरम असते ना!" तासाभराने शाल सोडली. उघड्यावरच्या बर्फाचे पाणी झाले होते आणि शालीतला खडा बराचसा शिल्लक होता.

शाल गरम नसते. तिच्या धाग्यांत हवा अडकलेली असते आणि ती हवा उष्णतेला अडवते. आत गरम शरीर असेल तर त्याची ऊब शाल आत ठेवते. आत थंड वस्तू असेल तर बाहेरची ऊब तिच्यापर्यंत पोहोचू देत नाही. ब्लँकेट ऊब देत नाही. असलेली ऊब राखते.

हे मला मुलांच्या आधी कळायला हवे होते. काही वर्षांपूर्वी नाताळच्या आठवड्यात काशीमिऱ्याच्या डोंगराकडील एका पाड्यावर आम्ही ब्लँकेटे वाटली. एका झोपडीत आठवड्याचे, अगदी लहान चणीचे बाळ होते. मी माझ्या हाताने त्याला नव्या ब्लँकेटात गुंडाळले आणि चटईवर निजवले. फोटोही काढला. मोठे समाधान वाटले. तिसऱ्या दिवशी निरोप आला की, बाळ दूध ओढत नाही, हातपाय गार पडले आहेत. आम्ही त्याला दवाखान्यात नेले. तिथल्या सिस्टरने सर्वात आधी काय केले असेल? माझे ब्लँकेट काढले. आतले दुपटे ओले होते. तिने बाळाला कोरडे केले, डोक्याला टोपी घातली, आईच्या छातीशी अंगाला अंग लावून धरायला लावले आणि मग दोघांवर मिळून पांघरूण घातले. मला म्हणाली, "भाऊ, एवढंसं बाळ स्वतःची ऊब किती करणार? ऊब आईकडं असते."

बाळ वाचले. देवाची स्तुती असो. पण ते ब्लँकेट माझ्या डोळ्यांपुढून अजून जात नाही.

बाळाची ऊब कुठून जाते

आता चारही वाटा त्या झोपडीत लावून पाहा. गार जमिनीवरच्या चटईतून वहनाने उष्णता गेली. कुडाच्या फटीतून आलेल्या वाऱ्याने अभिसरणाने नेली. रात्री निवलेल्या पत्र्याकडे बाळाच्या उघड्या डोक्यातून प्रारणाने गेली. आणि ओल्या दुपट्यातून बाष्पीभवनाने.

या शेवटच्या वाटेचा हिशेब मुलांकडून करून घेतला. दोन किलोच्या बाळाचे तापमान एक अंशाने बदलायला साधारण पावणेदोन किलोकॅलरी लागतात. अंगावर दोन चहाचे चमचे, म्हणजे १० ग्रॅम पाणी राहिले आणि वाळले, तर ते पावणेसहा किलोकॅलरी नेते. ती सगळी बाळाच्याच अंगातून गेली, तर तापमान तीन अंशांहून अधिक उतरेल. प्रत्यक्षात काही उष्णता हवेतून मिळते आणि बाळही थोडी तयार करते. पण धोका किती जवळ आहे ते यावरून कळते. नवजात बाळाचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असावे. त्याखाली उतरणे म्हणजे धोक्याची सूचना. म्हणूनच जन्मल्यावर बाळाला लगेच कोरडे करावे आणि पहिले २४ तास तरी अंघोळ घालू नये, असे डॉक्टर सांगतात.

छातीशी धरण्याच्या या पद्धतीला 'कांगारू मदर केअर' म्हणतात. कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरात १९७८ मध्ये, बाळे ठेवायच्या पेट्या अपुऱ्या पडत असताना, ती सुरू झाली. आपल्या महाराष्ट्रातही मोठे उदाहरण आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत आरोग्यदूत बायका तयार केल्या. घरोघरी जाऊन बाळाचे वजन व तापमान बघणे, त्याला उबदार ठेवणे, स्तनपानाला मदत करणे आणि जंतुसंसर्ग ओळखून उपचार करणे, हे त्या शिकल्या. नवजात बाळांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. हा अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आज आशाताई पहिल्या ४२ दिवसांत सहा-सात वेळा घरी येतात, ती योजना याच वाटेने आली आहे.

शास्त्रातली ऊब

धडा संपल्यावर मी पवित्र शास्त्र उघडले. दावीद राजा म्हातारा झाला तेव्हा त्याच्यावर कितीही पांघरुणे घातली तरी त्याला ऊब येईना (१ राजे १:१). पांघरूण राजाचे असले तरी आतली उष्णता आटल्यावर ते काय राखणार? उपदेशक म्हणतो की दोघे एकत्र निजले तर त्यांना ऊब मिळते, पण एकट्याला ती कशी मिळावी (उपदेशक ४:११). शुनेमच्या बाईच्या मुलासाठी अलीशा त्याच्यावर पालथा पडला आणि मुलाचे अंग उबदार झाले (२ राजे ४:३४). चमत्काराचे विज्ञान मांडायला मी बसलेलो नाही. एवढेच म्हणतो की, देवाच्या माणसाने वस्तू पाठवली नाही, तो स्वतः तिथे गेला. त्याने आधी काठी पाठवली होती आणि तिने काम झाले नव्हते, हेही त्याच अध्यायात आहे.

"सर, मग पत्रा का दिला?"

हा प्रश्न पाड्यावरून येणाऱ्या एका मुलीचा. आपण दिलेल्या पत्र्यांखाली तिचे घर आहे. ती म्हणाली, पूर्वी गवताचे छप्पर होते. पावसात गळायचे, पण दुपारी घरात बसता यायचे. आता गळत नाही, पण उन्हाळ्यात दुपारी आजी घराबाहेर झाडाखाली बसते.

तिनेच वर्गात कारण मांडले. पत्रा पातळ, लोखंडाचा. थोड्या उष्णतेत फार तापतो आणि सारी उष्णता खाली प्रारणाने सोडतो. रात्री तितक्याच लवकर निवतो. गवतात हवा अडकलेली असते, म्हणून ते दोन्ही वेळा आडकाठी करते. मी म्हणालो, तुझे बरोबर आहे. पण गळणाऱ्या छपराखाली ओली जमीन, ओली अंथरुणे आणि आजारी मुले असतात. तेही खोटे नाही.

मग काय करावे? मुलांनीच सुचवले. पत्र्याखाली वीतभर जागा सोडून बांबूच्या तट्ट्या बांधायच्या. त्या जागेतून तापलेली हवा बाहेर जाईल अशा फटी दोन्ही टोकांना ठेवायच्या. वरून पांढरा रंग द्यायचा, म्हणजे ऊन परत फिरेल. चूल असेल तिथे तट्टी बांधायची नाही. दोन घरांवर आम्ही हे केले आहे. त्यातले एक त्या मुलीचे. आजी आता दुपारी घरात पडते.

आपल्यासाठी

उघड्या-उपाशी भावाबहिणीला कोणी नुसतेच ऊब घ्या आणि पोटभर खा असे सांगितले आणि दिले काहीच नाही, तर त्याचा काय उपयोग, असे याकोब विचारतो (याकोब २:१५–१६). आपण त्यापुढे गेलो आहोत. आपण देतो. पण जे दिले ते तिथे काय करते, हे पाहायला परत जाणे हाही देण्याचाच भाग आहे. येत्या डिसेंबरात ब्लँकेटे जातीलच. मोठ्यांना, म्हाताऱ्यांना त्यांची गरज आहे. मात्र जिथे तान्हे बाळ आहे तिथे त्यासोबत दोन कोरडी सुती दुपटी, एक टोपी आणि एक डिजिटल थर्मामीटर द्यावा. आणि आशाताईंशी ओळख असलेली एक भगिनी आठवड्याभरात पुन्हा त्या घरी जावी. पत्र्यांच्या देणगीत यापुढे तट्ट्या आणि पांढरा रंग धरावा, अशी विनंती मी समितीला केली आहे.

*मनन व चर्चेसाठी*
१. बर्फाच्या दोन खड्यांचा प्रयोग घरी मुलांसोबत करा. निकाल पाहण्याआधी प्रत्येकाला उत्तर सांगायला लावा.
२. आपल्या मंडळीने दिलेली अशी कोणती वस्तू आहे, जिचे पुढे काय झाले हे आपण कधी विचारलेच नाही?

*प्रार्थनेचे विषय*
हिवाळ्यात जन्मणाऱ्या बाळांसाठी व त्यांच्या मातांसाठी. मिठागरे, वीटभट्ट्या आणि बांधकामांवर उन्हात राबणाऱ्या कुटुंबांसाठी. आणि प्रश्न विचारणाऱ्या आपल्या मुलांसाठी, की त्यांचे प्रश्न ऐकण्याची नम्रता प्रभू आम्हाला देवो.