एका अक्षराची चूक

क, म, ल ही तीन अक्षरे तुम्हांला आता चांगली ओळखता येतात. ती पाटीवर जुळवून पाहा. कमल होते. कलम होते. मलम होते. अक्षरे तीच, पण शब्द निराळे. कलमाने लिहितात, मलम जखमेला लावतात. एखादे अक्षर इकडचे तिकडे झाले, की अर्थ पालटतो.

आमच्या वर्गात एक मुलगा होता. महिन्यातून चार-सहा दिवस गैरहजर. सांधे दुखतात म्हणे. आम्ही त्याला कामचुकार समजलो. एकदा थंडीच्या दिवसांत आम्ही त्याला बाकावर उभे केले. तो रडला नाही. नुसता गुडघा दाबत उभा राहिला. गावात कुणी म्हणे करणी झाली, कुणी त्याच्या आईलाच बोल लावी. पुढे दवाखान्यात रक्त तपासले, तेव्हा खरं काय ते कळलं. त्याच्या रक्तात एका अक्षराची चूक होती.

रक्तात अक्षर कुठून आले? तेच आज आपण पाहू.

आपले शरीर पेशींचे बनलेले आहे. पेशी म्हणजे शरीराचा लहानात लहान जिवंत भाग. घराला विटा, तशा शरीराला पेशी. पण वीट निर्जीव असते, पेशी काम करते. एका माणसाच्या अंगात सुमारे ३० लाख कोटी पेशी असतात. नुसत्या डोळ्यांना त्या दिसत नाहीत. पेशीच्या पोटात एक गोळी असते, तिला केंद्रक म्हणतात. केंद्रकात फार लांब आणि फार बारीक दोरे गुंडाळून ठेवलेले असतात. त्यांना डीएनए असे नाव आहे. ह्या दोऱ्यांवर शरीराची लिपी असते. ती माणसात आहे, बैलात आहे, ज्वारीच्या ताटातही आहे.

ह्या लिपीची अक्षरे फक्त ४. ए, टी, जी आणि सी. खरे म्हणजे ती चार रसायने आहेत, ओळखीसाठी त्यांना अक्षरांची नावे दिली. शब्द मात्र नेहमी ३ अक्षरांचा. मग ४ अक्षरांचे असे शब्द किती होतील? ४ गुणिले ४ गुणिले ४. पाटीवर करून पाहा. ६४ येतील. एवढ्या ६४ शब्दांत सगळा कारभार!

हे शब्द काय सांगतात? प्रथिन कसे बनवावे ते सांगतात. केस, नखे, स्नायू, अन्न पचवणारे रस, ही सारी प्रथिनांची करामत. प्रथिन म्हणजे एक माळ समजा. तिच्या मण्यांना अमिनो आम्ले म्हणतात. मण्यांच्या जाती २०. आपण डाळ, दूध, अंडी, मासळी खातो. पोटात त्यांतल्या माळा तुटतात, मणी सुटे होतात. त्याच मण्यांची शरीर आपल्याला हवी तशी नवी माळ ओवते. म्हणजे काल खाल्लेल्या तुरीचा मणी उद्या तुमच्या दंडाच्या बेटकुळीत! ९ जातींचे मणी मात्र शरीराला घरी बनवता येत नाहीत, ते अन्नातूनच यावे लागतात. भाकरीत एका जातीचा मणी कमी पडतो, डाळीत दुसऱ्या जातीचा. दोन्ही एकत्र खाल्ले की भरपाई होते. आमच्या आईला हे शास्त्र ठाऊक नव्हते, पण भाकरीबरोबर वरण ती कधी चुकवीत नसे.

आता माळ ओवतात कशी ते पाहा. सातबाऱ्याचे मूळ दप्तर कचेरीत राहते, आपल्या हाती उतारा मिळतो. पेशीतही तसंच. डीएनए केंद्रकातच राहते. ज्या प्रथिनाची गरज असेल, तेवढ्याच मजकुराची नक्कल होते. ह्या नकलेला आरएनए म्हणतात. तिच्यात टी ऐवजी यू हे अक्षर येते, एवढाच फरक. नक्कल केंद्रकाबाहेर पडते आणि रायबोसोम नावाच्या कारागिराकडे जाते. रायबोसोम हा पेशीतला पटवेकरी. तो नक्कल तीन-तीन अक्षरांनी वाचतो. एक शब्द वाचला, की त्या शब्दाचा मणी घेऊन गडी हजर. मणी ओवला, की पुढचा शब्द. ६४ पैकी ३ शब्दांचा अर्थ आहे ‘थांब’. तो शब्द आला की माळ पुरी झाली.

हे शब्द वाचले कुणी? त्यांत एक माणूस आपल्यासारख्याच खेड्यातला होता. हरगोविंद खुराना त्यांचे नाव. पंजाबातल्या रायपूर गावी त्यांचा जन्म झाला. ते गाव आता पाकिस्तानात आहे. वडील पटवारी, म्हणजे आपल्याकडचा तलाठी. वस्ती शंभरेक माणसांची, आणि लिहितावाचता येणारे घर जवळजवळ त्यांचे एकच. पहिली अक्षरे ते झाडाखालच्या शाळेत शिकले. पुढे अमेरिकेत जाऊन त्यांनी अक्षरे ठरवून जुळवलेल्या नकला प्रयोगशाळेत बनवल्या, आणि कोणत्या नकलेवरून कोणते मणी ओवले जातात ते पाहिले. १९६८ साली निरेनबर्ग आणि होली ह्या दोघांबरोबर त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आता त्या मुलाकडे वळू. रक्तातल्या तांबड्या पेशी हाडांच्या पोकळीत तयार होतात. तेव्हा त्यांनाही केंद्रक असते, पुढे ते नाहीसे होते. त्यांच्यात हिमोग्लोबिन नावाचे प्रथिन असते. ते अंगभर प्राणवायू पोचवते. त्यात ४ माळा असतात, त्यांतल्या दोन १४६ मण्यांच्या. ह्या माळेच्या सहाव्या मण्याचा शब्द आहे जी-ए-जी. काही माणसांत तो जी-टी-जी असा असतो. मधले एक अक्षर चुकले, म्हणून सहावा मणी निराळा आला. बाकी १४५ मणी बिनचूक! मण्यातला हा फरक १९५६ साली केंब्रिजला व्हर्नन इन्ग्राम ह्यांनी शोधला.

तेवढ्याने काय बिघडते? प्राणवायू सुटला की असे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून त्याच्या काड्या बनतात. वाटोळी, मऊ पेशी विळ्यासारखी वाकडी आणि ताठ होते. विळ्याला इंग्रजीत सिकल म्हणतात, म्हणून हा आजार सिकलसेल. वाकड्या पेशी बारीक नसांत अडकतात. तिथे असह्य दुखते. चांगली तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवसांतच मरते. म्हणून रक्त कमी पडते, डोळे पिवळे दिसतात. पाणी कमी प्यायले किंवा गारठा बाधला की दुखणे उसळते. आणि आम्ही त्याला थंडीत उभे केले होते!

आपल्याकडे विदर्भात आणि नंदुरबारकडे हा आजार बराच आढळतो. करणीचा किंवा पापाचा इथे काही संबंध नाही. प्रत्येक मजकुराच्या दोन प्रती आपल्याजवळ असतात, एक आईकडून, एक बापाकडून. एकच प्रत चुकीची असेल तर माणूस बहुधा ठणठणीत असतो. त्याला वाहक म्हणतात. वाहकाला हिवतापाचा जोरही कमी बाधतो. म्हणून तर हिवतापाच्या मुलखात ही चूक पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिली. दोन्ही प्रती चुकीच्या असल्या तर मात्र आजार होतो. आईबाप दोघेही वाहक असले, तर मुलाला आजार होण्याचा संभव ४ मध्ये १. हा हिशेब प्रत्येक बाळंतपणाला नव्याने मांडायचा. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन सुटली, असे नाही. आणि एकट्या आईला बोल लावणे तर साफ चुकीचे.

थेंबभर रक्तावरून तपासणी सुरू होते, वाहकही ओळखता येतो. १ जुलै २०२३ रोजी सरकारने मध्य प्रदेशातल्या शहडोलहून ह्या आजाराविरुद्ध देशभर मोहीम सुरू केली. ७ कोटी लोकांची तपासणी करायचे त्या वेळी ठरले. ज्याला आजार आहे त्याला डॉक्टर हायड्रॉक्सियुरिया नावाचे औषध देतात. त्याने पुष्कळांच्या कळा कमी होतात.

तो मुलगा आता पस्तिशीचा आहे. लग्न ठरायच्या आधी तो आमच्याकडे आला. “गुरुजी, मुलीच्या घरी रक्ताचं कसं काढू?” म्हणाला. आम्हीच जाऊन बोललो. मुलगी तपासणीला तयार झाली. तिच्या दोन्ही प्रती बिनचूक निघाल्या. त्यांना दोन मुली झाल्या. दोघींना बापाकडून एक चुकीची प्रत आली आहे, म्हणजे दोघी वाहक आहेत. त्या धडधाकट आहेत, शाळेत जातात. तपासणीचे कागद त्याने त्यांच्या जन्मदाखल्यांबरोबर पेटीत ठेवले आहेत.