वेताचा भाता : एक हस्तव्यवसायपाठ

संस्थेच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी ‘शिक्षण’ या विषयावर काही लिहावे, अशी चालक मंडळींनी आम्हांस आज्ञा केली. शिक्षणावर सामान्य विचार मांडणारे लेख पुष्कळ निघतात. त्यांत आणखी एकाची भर घालण्यापेक्षा प्रत्यक्ष एक पाठच वाचकांपुढे ठेवावा, असे आम्ही ठरविले. पाठाचा विषय आहे बाण ठेवण्याचा वेताचा भाता. घरातील थोरामोठ्यांनी तो मुलांबरोबर बसून करून पाहावा, ही आमची इच्छा.

भाता हा शब्द मराठीत दोन वस्तूंना आहे. लोहार ज्याने विस्तव फुलवितो तोही भाता, आणि तिरंदाज ज्यात बाण ठेवतो तोही भाताच. संस्कृतात दुसऱ्यास तूणीर, निषंग, इषुधि अशी नावे आहेत. आमच्या घरच्या उर्दूत त्यास तरकश म्हणतात. तीर, कमान, निशाण, तिरंदाज हे शब्द तर फारसीतून येऊन मराठीत घरच्यासारखे नांदत आहेत. खांडववनाच्या प्रसंगी अर्जुनाला गांडीवाबरोबर दोन अक्षय भाते मिळाल्याचे महाभारतात सांगितले आहे. इस्लामच्या आरंभीच्या इतिहासात साद इब्न अबी वक्कास यांचे नाव तिरंदाज म्हणून गाजलेले आहे. धनुर्विद्येचा मान असा सर्वत्र आहे. भाता विणणाऱ्याचे नाव मात्र कोणत्याच ग्रंथात आढळत नाही.

आपल्या शेजारची परंपरा

इंदूरहून पश्चिमेस झाबुआ-अलीराजपूरकडे गेले म्हणजे भिल्ल समाजाचा मुलूख लागतो. त्यांचे धनुष्य बांबूचे. त्याची दोरीदेखील पुष्कळदा बांबूच्या चिवट सालीची पट्टीच असते. त्यांचा भाता बांबूच्या घट्ट विणलेल्या चटईचा असल्याचे जुन्या वर्णनांतून आढळते. ईशान्येकडे, अरुणाचलच्या डोंगरांत, वेत मुबलक. तेथे बांबूच्या नळीला वेताचे विणकाम आणि वेताचेच पट्टे लावून भाते करतात. चुलीवरच्या मचाणाशी टांगून धुराने त्यांना काळसर तकाकी आणतात. त्या धुराने कीडही लागत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. हे भाते मुळात शिकारीसाठी होते. परंतु १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून ती शिकार बंद झाली आहे. वनवासी बांधवांचे जंगलावरील हक्क मान्य करणाऱ्या २००६ च्या कायद्यानेही शिकारीचा पारंपरिक हक्क स्पष्टपणे वगळला आहे. तेव्हा आपला भाता गवताच्या निशाणासाठी आहे, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगावे. शिकार गेली म्हणून विद्या जाण्याचे कारण नाही. राजस्थानच्या उदयपूर भागातील आदिवासी कुटुंबातले लिंबाराम बांबूच्या धनुष्यावर हात बसवून पुढे आले आणि १९८८, १९९२ व १९९६ अशा तीन ऑलिंपिक सामन्यांत भारतातर्फे उतरले.

वेत आणि बांबू

मुलांना प्रथम हे दोन्ही तुकडे हातात देऊन फरक विचारावा. बांबू हे गवत. ते आतून पोकळ आणि पेरापेराने वाढते. वेत ही ताडाच्या कुळातील वेल असून ती आतून भरीव असते. काटेरी आकड्यांनी ती मोठ्या झाडांवर चढते. बांबू सरळ चिरतो. वेत भिजवला म्हणजे वळतो आणि वाळला म्हणजे ते वळण धरून ठेवतो. याच गुणामुळे तो विणकामास उत्तम. आपल्या माळव्याच्या कोरड्या रानात वेत होत नाही. तो पश्चिम घाट, ईशान्य भारत आणि अंदमान इकडून येतो. खुर्च्या विणणाऱ्या कारागिरांकडे तो मिळतो. वेत न मिळाल्यास बांबूच्या बारीक कामट्यांवरही हा पाठ होऊ शकेल. मात्र त्यांची धार बोटाला लागते, म्हणून त्या आधी तासून घ्याव्यात.

मापे आणि हिशेब

साधारण ७५ सें.मी. लांबीच्या बाणासाठी भात्याची खोली ५० सें.मी. पुरे. पिसांचा भाग बाहेर मोकळा राहिला पाहिजे, नाहीतर पिसे चुरगळतात. तळाचा व्यास ८ सें.मी. आणि तोंडाचा १० सें.मी. ठेवावा. त्यात दहा-बारा बाण सुखाने राहतात.

उभ्या काड्यांसाठी ४ मि.मी. जाडीचा वेत घ्यावा. १४५ सें.मी. लांबीच्या ८ काड्या आणि ७२ सें.मी. ची एक. ही मापे कशी आली ते मुलांकडूनच काढून घ्यावे : तळ ८, दोन बाजूंची खोली ५० आणि ५०, दोन टोकांना काठासाठी १८ आणि १८, बेरीज १४४.

आडव्या विणीसाठी ३ मि.मी. जाडीचा वेत लागतो. ५० सें.मी. उंचीत ३ मि.मी. चे सुमारे १६७ फेरे बसतात. सरासरी घेर २८ सें.मी. धरला तर जवळजवळ ४७ मीटर होतात. विणताना वेत काडीच्या आतबाहेर वळसे घेत जातो, म्हणून पाचवा हिस्सा अधिक धरावा. म्हणजे सुमारे ५६ मीटर. व्यास, घेर, सरासरी आणि गुणाकार एवढे गणित वहीशिवाय येथे होऊन जाते.

याशिवाय तळाच्या तिढ्यासाठी थोडा २ मि.मी. चा बारीक वेत, धारदार चाकू, आरी, ठोकण्यासाठी लोखंडी पट्टी, सुतळी आणि पाण्याची परात घ्यावी.

कृती

वेत वापरण्यापूर्वी अर्धा ते पाऊण तास कोमट पाण्यात भिजवावा, नंतर ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावा. कोरडा वेत मोडतो. फार भिजलेल्याचे तंतू सुटतात आणि रंग काळवंडतो.

तळ : आठ काड्यांपैकी चार काड्यांच्या मध्यभागी चाकूने उभी चीर पाडावी आणि उरलेल्या चार काड्या त्या चिरांतून आडव्या ओवाव्यात. अधिकचिन्हासारखी आकृती होईल. बारीक वेत दुमडून त्याच्या दोन पदरांनी, एक वर व एक खाली असा तिढा देत, चार-चार काड्यांच्या जुडीभोवती दोन फेरे घालावेत. मग काड्या दोन-दोन, आणि पुढे एक-एक अशा फाकवीत जावे. येथेच नववी, आखूड काडी खुपसावी, म्हणजे काड्यांची टोके १७ होतात.

१६ का नकोत? येथे वर्गाने थांबून विचार करावा. आडवा वेत एक काडी आतून, एक बाहेरून असा जातो. काड्या सम असतील तर दुसऱ्या फेऱ्यातही तो पहिल्याच काड्यांच्या आतून जाईल आणि वीण बसणारच नाही. विषम असतील तर प्रत्येक फेऱ्यात आतबाहेर आपोआप बदलते. सम-विषम संख्यांचा भेद फळ्यावर दहादा सांगून जेवढा ठसत नाही, तेवढा तो येथे एका फेऱ्यात ठसतो, असा आमचा अनुभव आहे.

उभारणी : तळ ८ सें.मी. झाला म्हणजे काड्या पुन्हा भिजवून काटकोनात वर वळवाव्यात आणि शेंडे सुतळीने एकत्र बांधावेत. आता तीन वेत घेऊन तिपदरी वीण घालावी : प्रत्येक वेत पाळीपाळीने दोन काड्यांच्या बाहेरून व एकीच्या आतून. असे तीन फेरे झाले की बूड पक्के होते.

अंग : येथून एकपदरी साधी वीण. डाव्या हाताने काडी सरळ धरावी, उजव्या हाताने वेत ओढून बसवावा. दर दहा फेऱ्यांनी लोखंडी पट्टीने वीण खाली ठोकावी आणि घेर मोजावा. वीण फार ताणली तर तोंड आवळत जाते. सैल सोडली तर भाता पोटाशी फुगतो. तळापासून ८ व ४० सें.मी. उंचीवर तिपदरी विणीचे दोन-दोन फेरे घालावेत आणि तेथे एकाच रेषेत, दोन काड्यांभोवती, पट्ट्यासाठी वेताची घट्ट कडी बांधावी.

जोड देताना एक पथ्य आहे. नेहमीच्या टोपलीत वेताची टोके आत लपवितात. भात्यात ती बाहेर काढावी लागतात. आत राहिलेल्या टोकात बाणाचे अणकुचीदार पाते अडकते, आणि बाण ओढताना वीणही उसवते. बाहेरची टोके नंतर तिरपी छाटून गुळगुळीत करावीत. दोन जोड एकाखाली एक येऊ देऊ नयेत.

काठ : पन्नास सें.मी. झाले की तिपदरी विणीचे दोन फेरे घालून शेंडे भिजवावेत. प्रत्येक शेंडा उजवीकडे वाकवून पहिल्या शेजारणीच्या बाहेरून, दुसरीच्या आतून न्यावा आणि पुन्हा बाहेर काढावा. पहिले दोन शेंडे किंचित सैल ठेवावेत, म्हणजे शेवटचे त्यांखालून ओवता येतात.

शेवट : भाता सावलीत दोन-तीन दिवस वाळवावा. सुटलेले तंतू ज्योतीवरून चटकन फिरवून जाळावेत. जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा. तळाशी जाड चामड्याची चकती घालावी. त्यामुळे टोके वेतात रुतत नाहीत आणि बाणांचा खडखडाटही होत नाही. जुन्या शिकाऱ्यास हा आवाज फार नडत असे. पट्टा नवारीचा किंवा चामड्याचा चालेल.

हा पाठ कशासाठी?

१९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्माजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला, आणि त्याची योजना आखणाऱ्या समितीचे अध्यक्ष डॉ. झाकिर हुसेन होते. त्या विचारातील मर्म एवढेच की, हात काम करू लागले म्हणजे बुद्धी स्वस्थ बसत नाही. पण आम्हांस त्यात आणखी एक गोष्ट दिसते. वेत आणि बांबू विणणारा कारागीर, ज्याला महाराष्ट्रात बुरूड आणि इकडे बसोड म्हणतात, तो आपल्या दारी सूप, टोपली, डाली घेऊन येत आला. आपण त्याच्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस केली, परंतु त्याला कधी ‘गुरुजी’ म्हटले नाही. आता प्लॅस्टिकच्या वस्तूंनी त्याचे गिऱ्हाईक तोडले आहे. त्याची मुले हा धंदा सोडीत आहेत. त्यांनी शिकून दुसरा मार्ग धरावा, हा त्यांचा हक्कच आहे. पण त्या हातांतली विद्या कोणी न शिकताच गेली, तर ती पुस्तकातून परत मिळणार नाही. प्रस्तुत लेखातून मापे कळतील. वेत किती ओढावा हे कारागिराच्या शेजारी बसूनच कळते.

म्हणून संस्थेच्या चालकांस आमची एक नम्र सूचना आहे. महोत्सवी वर्षाच्या निमित्ताने आपल्या शाळेत आठवड्यास एक तास वेत-बांबूकामासाठी द्यावा आणि तो शिकविण्यास अशाच एखाद्या कारागिरास, शिक्षकाच्या मानाने व योग्य वेतन देऊन, बोलवावे. त्यास वर्गात बसावयास खुर्ची द्यावी. मुलांनी उठून नमस्कार करावा. वर्षअखेर पंचवीस मुलांचे पंचवीस भाते तयार झाले, तर ते संमेलनात मांडावेत आणि त्यांखाली शिकविणाराचे नाव ठळक अक्षरांत लिहावे.