काचेच्या कपाटातला दिवा

कोल्हापूरच्या टाऊन हॉलमध्ये वस्तुसंग्रहालय आहे. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर मिळालेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची काशाची छोटी मूर्ती तिथे आहे. अशी वस्तू दिसायला दिवा हवा. पण कोणता?

जुना तारेचा बल्ब कपाट तापवतो. शिवाय उजेडाने कापडाचा रंग विटतो. विटलेला रंग परत येत नाही. काशाला उजेड बाधत नाही, पैठणीला बाधतो. म्हणून संग्रहालयात कापडावर साधारण ५० लक्स उजेड ठेवतात. लक्स म्हणजे उजेडाचे माप.

उपाय दोन आहेत. पहिल्यात दिवा कपाटाबाहेर असतो. केसासारख्या बारीक काचतंतूंतून उजेड तेवढा आत येतो, उष्णता बाहेर राहते. पण खर्च जास्त. दुसरा उपाय एलईडी. त्याला वीज थोडी लागते. मात्र तोही पाठीमागून तापतो. म्हणून त्याची पट्टी वरच्या वेगळ्या खणात, काचेपलीकडे बसवावी.

आम्ही सांगू, घरच्या कपाटाला मंद एलईडी पुरे. आजीची पैठणी नातीने नेसायची आहे ना? मग पाहून झाले की बटण बंद करा.

प्रश्न : काशाची मूर्ती आणि पैठणी यांना सारखाच उजेड का चालत नाही?