नीलगिरीची वाट आणि गाडीचा क्रमांक

नीलगिरीचा हिवाळा सौम्य असतो, दुपारचे ऊन अंगाला सुखावते, रस्ते चांगले आहेत आणि बर्फाची धास्ती तर नाहीच. तेव्हा हिमालयात जाताना करावी लागणारी पूर्वतयारी येथे करण्याचे काहीच प्रयोजन नाही, असे आमच्या प्रवासाची व्यवस्था पत्करणाऱ्या गृहस्थांनी मला ज्या ठामपणाने सांगितले, तो ठामपणा अद्यापि माझ्या कानांतून गेलेला नाही. हवामानापुरते त्यांचे म्हणणे खरे होते. परंतु या प्रदेशातील प्रवासाची अडचण थंडीत नसून नाक्यांत आहे. अभयारण्याचा नाका, राज्याच्या सरहद्दीचा नाका, घाटाच्या तोंडाचा नाका, आणि प्रत्येकाची वेळ व शर्ती निराळ्या, ही गोष्ट ज्याने पैसे घेऊन व्यवस्था पत्करली त्याला ठाऊक असावयासच हवी होती.

जंगलातून रात्री जावे लागणार नाही ना, आणि गाडी रीतसर प्रवासी परवान्याची असेल ना, हे दोन्ही प्रश्न मी अनामत रक्कम देण्यापूर्वी लेखी विचारले होते. ‘काका, निर्धास्त राहा, सगळं माझ्यावर सोडा,’ हे त्यांचे लेखी उत्तर मजपाशी आहे. गाडी दारात आली तेव्हा तिची पाटी पांढरी कशी, हेही मी विचारलेच. गाडी नवी आहे, पिवळी पाटी अजून यावयाची आहे, असे मला सांगण्यात आले. सोबत वृद्ध आई होती, सामान गाडीत चढले होते, आणि एखाद्या माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवणे हा गुन्हा आहे असे मला आजही वाटत नाही.

त्यांनी आखून दिलेल्या कार्यक्रमात रविवारी श्रीरंगपट्टण, त्यानंतर म्हैसूरचा राजवाडा, सायंकाळी सात वाजता राजवाड्याची दीपशोभा आणि मग ‘रात्री मुक्काम उटी’ असे होते. दीपशोभा पाहून, रविवारच्या गर्दीतून गाडी बाहेर काढून आम्ही गुंडलुपेट ओलांडून बंदीपूरच्या नाक्यावर पोहोचलो, तेव्हा नऊ वाजून गेले होते आणि अडसर पडलेला होता. बंदीपूरच्या जंगलातून जाणारे रस्ते, उटीकडचा आणि वायनाडकडचा असे दोन्ही, रात्री नऊपासून सकाळी सहापर्यंत खाजगी वाहनांना बंद असतात. भरधाव गाड्यांखाली हरणे, हत्ती, बिबटे मरू लागले म्हणून २००९ साली जिल्हाधिकाऱ्यांनी हा हुकूम काढला व पुढे उच्च न्यायालयानेही तो उचलून धरला. हुकूम सर्वस्वी योग्य आहे, आणि नाक्यावरच्या वनरक्षकाने आम्हांला परत फिरविले यात त्याचा तिळमात्र दोष नव्हता. पण इतक्या वर्षांचा आणि इतका सर्वश्रुत हुकूम कार्यक्रम आखणाऱ्याच्या गावीही नसावा, याचा अर्थ काय करावा? गुंडलुपेटला मिळेल त्या जागी रात्र काढली. उटीच्या खोलीचे पैसे अर्थातच बुडाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तामिळनाडूच्या हद्दीवरील कक्कनल्ला नाक्यावर जे घडले ते याहून लाजिरवाणे होते. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशान्वये ७ मे २०२४ पासून नीलगिरी जिल्ह्यात व कोडाईकनाल येथे येणाऱ्या बाहेरच्या वाहनांना ई-पास अनिवार्य झाला आहे. तो विनामूल्य मिळतो, घरबसल्या काढता येतो, आणि त्यात वाहनाचा क्रमांक नमूद करावा लागतो. आमचा पास त्या गृहस्थांनी आधीच काढून पाठविला होता. नाक्यावरच्या कर्मचाऱ्याने पास पाहिला, मग गाडीच्या पुढे जाऊन पाटी पाहिली, पुन्हा पास पाहिला. आणि त्याच क्षणी आमचा ड्रायव्हर, जेमतेम पंचविशीतला पोरगा, मागे वळून खालच्या आवाजात म्हणाला, ‘काका, विचारलं तर आपण नातेवाईक आहोत म्हणून सांगा. मी तुमचा भाचा.’ पासावरील क्रमांक दुसऱ्याच गाडीचा होता. ज्या परवानाधारक गाडीच्या नावे करार झाला, पास निघाला, तिला सुट्टीच्या दिवसांत अधिक भाड्याचे गिऱ्हाईक मिळाले, आणि आम्हांस कुणाच्या तरी घरची खाजगी गाडी पाठविण्यात आली, हे त्या पोराने पुढे स्वतःच सांगितले. माझ्या वृद्ध आईसमोर मला खोटे बोलावयास सांगण्याची पाळी त्या पोरावर यावी, याबद्दल मला संताप त्याचा आला नाही. ज्याने त्याला ही शिकवण देऊन धाडले त्याचा आला, आणि तो अजून ओसरलेला नाही.

मी त्यास फोन केला. क्षमेचा एक शब्द नाही. ‘काका, तुम्ही फार कायदा बघता. सगळ्यांच्या गाड्या अशाच जातात. आणि रात्रीच्या बंदीचं आम्हाला कुठं माहीत, मॅपवर तर वेळ बरोबर दाखवतो.’ मॅप अंतर दाखवितो, अडसर दाखवीलच असे नाही, हे मी त्यास सांगावयाचे! मी नाक्यावरच माझ्या फोनवरून त्या गाडीच्या खऱ्या क्रमांकाचा नवा पास काढला, आणि ड्रायव्हर भाड्याने आला आहे हे विचारल्यावर सरळ सांगितले. समज देऊन आम्हांस सोडण्यात आले.

जे कोणी या वाटेने जाणार असतील त्यांनी अनामत देण्यापूर्वीच गाडीचा क्रमांक लेखी मागावा व ई-पास स्वतःच काढावा. भाड्याच्या गाडीची पाटी पिवळी व अक्षरे काळी असतात. स्वतः चालविण्यास भाड्याने मिळणाऱ्या गाडीची पाटी काळी व अक्षरे पिवळी. पांढऱ्या पाटीची गाडी पैसे घेऊन चालविणे बेकायदेशीर तर आहेच, पण घाटात अपघात झाल्यास विमा कंपनी दावा नाकारू शकते, हे अधिक भयंकर. भाड्याच्या हिशेबात रोजचे किमान किलोमीटर किती, मोजणी गॅरेजपासून गॅरेजपर्यंत की दारापासून, ड्रायव्हरचा भत्ता आणि रात्रीचा आकार कोणाकडे, हेही कागदावर असावे. ड्रायव्हरला झोपावयास जागा कोठे, हे मात्र आवर्जून विचारावे. गाडीतच पाय मुडपून रात्र काढलेल्या माणसाच्या हाती सकाळी घाट सोपवू नये.

म्हैसूरहून उटीस जावयाचे तर दुपारी दोनच्या आत निघावे. थेप्पकाडूला वाटा फुटतात: गुडलूरमार्गे लांबची पण सुखाची, मसिनगुडीमार्गे जवळची पण कल्हट्टी घाटाची. छत्तीस वळणांचा तो घाट इतका तीव्र आहे की उतरताना ब्रेक तापून अपघात झाले आहेत, व बाहेरच्या गाड्यांस त्याने उतरण्यास मनाई आहे. इतर कोणताही घाट उतरताना खालच्या गिअरमध्येच उतरावे आणि चढणाऱ्या गाडीस आधी वाट द्यावी. जंगलात गाडी थांबवू नये. प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटल्या नाक्यावर काढून घेतात, म्हणून धातूच्या न्याव्यात.

हंगामाविषयी एक गोष्ट महाराष्ट्रातल्या माणसाच्या सहसा ध्यानी येत नाही. आपल्याकडे दिवाळीनंतर पाऊस सरतो. तिकडे ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर कुन्नूर-कोटागिरीच्या पूर्व उतारावर कोसळतो. २००९च्या नोव्हेंबरात तेथे दरडी कोसळून चाळीसहून अधिक माणसे दगावली, आणि मेट्टुपाळयमची डोंगरी आगगाडीही या दिवसांत वारंवार बंद पडते. जानेवारी त्या मानाने निर्धोक. परंतु त्या महिन्यात निरभ्र, निवांत रात्री थंड हवा खोलगट भागात साचते आणि पहाटे थलैकुंदा वा उटीच्या शर्यतीच्या मैदानावर दहिवर गोठलेले आढळते. तेव्हा वृद्ध माणसे सोबत असल्यास तळ्याकाठची सखल जागा टाळून उतारावरचे निवासस्थान घ्यावे आणि हीटरचा आकार वेगळा आहे काय ते विचारावे. गरम कपडे व नेहमीची औषधे जवळ असावीत, हे सांगावयास नकोच.

पावत्या, संदेश, पासाची प्रत असे सर्व दस्तऐवज जपून ठेवावेत. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराला आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागता येते, त्यासाठी वकील असावाच लागतो असे नाही. त्या गृहस्थांनी अनामत परत करण्यास नकार दिला, म्हणून मी तसा अर्ज दाखल केला आहे. सुनावणीची तारीख अद्याप लागावयाची आहे.