मध्यम किमतीच्या लॅपटॉपची निवड

दक्षिण दिल्लीतील मुनिरका हे मूळचे जाट शेतकऱ्यांचे गाव. शेतजमिनी गेल्या, भोवती वसाहती उठल्या आणि गावठाणाला वर वाढण्यावाचून गत्यंतर उरले नाही. जवळच आयआयटी आणि १९६९ साली स्थापन झालेले जवाहरलाल नेहरू विद्यापीठ असल्यामुळे येथील चारपाच मजली घरांतील लहान लहान खोल्या देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेल्या विद्यार्थ्यांनी भरलेल्या असतात. अशा खोलीत जेमतेम एक खाट व एक मेज मावते. तेथे राहणाऱ्याचे ग्रंथालय, वही आणि लेखणी ही सारी एका लॅपटॉपमध्येच सामावलेली असतात.

समजा, लातूरहून आलेली एक विद्यार्थिनी येथे राहून इतिहासाचा प्रबंध लिहीत आहे. तिला कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती लाभलेली नाही. ‘नेट’वाचून मिळणारी दरमहा ८,००० रुपयांची शिष्यवृत्ती तेवढी मिळते. (हीच शिष्यवृत्ती बंद करण्याचे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ साली ठरविले, तेव्हा विद्यार्थी दिल्लीत आयोगाच्या कार्यालयापाशी ठाण मांडून बसले होते.) लॅपटॉपसाठी तिने ६०,००० रुपयांची मर्यादा घातली आहे. म्हणजे ही साडेसात महिन्यांची शिष्यवृत्ती झाली. आणि त्यातील सुमारे ९,१५० रुपये तर १८ टक्के वस्तू व सेवा कराचेच असतात. प्रबंध सादर होईपर्यंत, म्हणजे निदान पाच वर्षे, हे यंत्र टिकले पाहिजे. एवढ्या पैशात चूक परवडणारी नाही.

खरेदीचा आरंभ दुकानात न होता कागदावर व्हावा. आपल्या या विद्यार्थिनीचे काम कोणते? लेखन, एकाच वेळी उघडलेली पंधरावीस संकेतस्थळे, जुन्या मराठी वृत्तपत्रांच्या शेकडो पानांच्या छायाप्रती, आणि मार्गदर्शकांशी अधूनमधून दृक्श्राव्य भेट. चित्रपटांचे संकलन नाही, खेळ नाहीत. तेव्हा चित्रांकनासाठी वेगळी चिप असलेले यंत्र तिने घेऊ नये. या किमतीत दुकानदार हटकून ‘गेमिंग’ लॅपटॉप पुढे करतो. त्यावरील आकडे भारदस्त असतात खरे, परंतु त्याचे वजन बहुधा दोन किलोंच्या वर जाते, चार्जर विटेएवढा असतो आणि बॅटरी लवकर संपते. वजनाची गोष्ट निघालीच आहे, तर हेही सांगावयास हरकत नाही की, १९८१ साली बाजारात आलेला ‘ऑस्बर्न १’ हा उचलून नेण्याजोगा संगणक सुमारे ११ किलोंचा होता. त्याचा निर्माता अ‍ॅडम ऑस्बर्न याचे बालपण तमिळनाडूतील तिरुवन्नामलै येथे गेले होते.

आता प्रोसेसरकडे वळू. ग्राहकाची सर्वांत अधिक दिशाभूल येथेच होते. डब्यावर ‘रायझेन ५’ किंवा ‘आय ५’ एवढेच ठळक छापलेले असते. मात्र त्यावरून यंत्राचे वय कळत नाही. एएमडी या कंपनीच्या ७००० मालिकेतील दोन क्रमांक पाहा : ७५२०यू आणि ७५३०यू. फरक अवघा दहाचा. या मालिकेत पहिला अंक विक्रीच्या वर्षाचा, दुसरा दर्जाचा व तिसरा अंतर्गत रचनेच्या पिढीचा निदर्शक आहे. ७५२० मधील २ म्हणजे ‘झेन २’, ही रचना २०१९ मधली. त्यात चार कोर. ७५३० मधील ३ म्हणजे २०२० सालची ‘झेन ३’. त्यात सहा कोर. दोन्हींवर ‘रायझेन ५’ची तीच पट्टी! इंटेलच्या १२३५यू या क्रमांकात १२ हा आकडा पिढीचा असून शेवटचे ‘यू’ हे अक्षर वीज बेताने वापरणाऱ्या जातीचे आहे. ‘एच’ असेल तर वेग अधिक, परंतु उष्णता व विजेचा खर्चही अधिक. २०२३ च्या अखेरीपासून इंटेलने नव्या चिपांच्या नावांतील ‘आय’ काढून टाकला, त्यामुळे घोटाळ्यात भरच पडली आहे. सारांश, पूर्ण क्रमांक लिहून घेतल्याशिवाय दोन यंत्रांच्या किमतींची तुलना करूच नये.

प्रोसेसरपाठोपाठ येते ती स्मृती, म्हणजे रॅम. स्वयंपाकघरातील ओटा आणि फडताळ यांचा दाखला येथे उपयोगी पडेल. फडताळात (म्हणजे साठवणीच्या एसएसडीत) सामान पुष्कळ मावते. पण एका वेळी हाताळता येते ते ओट्यावर राहील तेवढेच. ओटा लहान असला की सारखी काढघाल करावी लागते आणि यंत्र रेंगाळू लागते. ८ जीबी रॅमपैकी बराचसा भाग विंडोज स्वतःच व्यापते, आणि वेगळी चिप नसल्याने चित्रांकनही याच रॅममधून वाटा उचलते. पाच वर्षांचा विचार करता १६ जीबी घ्यावी, असे आमचे मत आहे. ‘आता ८ घ्या, पुढे वाढवा’ हा सल्ला पूर्वी शहाणपणाचा होता. परंतु अनेक पातळ यंत्रांत रॅम मुख्य पट्टीवर डाक देऊन पक्की बसविलेली असते, ती वाढविता येत नाही. शिवाय कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभ्या राहणाऱ्या प्रचंड संगणक-केंद्रांकडे चिपा वळू लागल्याने २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव जगभर चढले. म्हणून ‘रॅमसाठी रिकामी खाच आहे काय?’ हा प्रश्न विक्रेत्याला नेमका विचारावा.

साठवणीसाठी ५१२ जीबीची एसएसडी पुरेशी होय. विंडोज ती ४७६ दाखविते, म्हणून फसगत झाली असे समजू नये. कंपनी दशमान पद्धतीने मोजते व विंडोज द्विमान पद्धतीने, एवढेच.

पडद्याच्या बाबतीत स्वस्त व महाग यांतील भेद मुख्यतः रंगांचा असतो. ‘४५ टक्के एनटीएससी’ असे लिहिलेला पडदा रंग फिके दाखवितो. चित्रकाराला तो चालणार नाही. मजकूर वाचणाऱ्याला चालेल. त्याऐवजी १९२० × १२०० बिंदूंचा, किंचित उंच पडदा मिळत असेल तर तो पाहावा. पानाच्या अधिक ओळी एकदम दिसतात, आणि रफार, अनुस्वार, जोडाक्षरे वाचताना डोळ्यांना ताण पडत नाही.

बॅटरीचे गणित कोणालाही करता येण्याजोगे आहे. तिच्यावर वॉट-तासांचा आकडा असतो. लेखन-वाचनाच्या कामात यंत्र सरासरी ८ वॉट वापरते असे धरले, तर ४२ वॉट-तासांची बॅटरी सव्वापाच तास आणि ५६ ची सात तास चालेल. ‘दिवसभर चालते’ या जाहिरातीपेक्षा हा भागाकार अधिक विश्वसनीय आहे. वाचनालयात प्रत्येक आसनापाशी प्लग मोकळा असेलच असे नाही, आणि वर्षागणिक बॅटरीची क्षमता घटत जाते. तेव्हा मोठी बॅटरी घ्यावी. दिल्लीच्या उन्हाळ्याचाही विचार हवा. बहुतेक लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावेत असे निर्माते सांगतात, तर मे-जूनमध्ये येथे पारा ४० च्या वर जातो आणि वरच्या मजल्यावरची खोली भट्टीसारखी तापते. अशा वेळी यंत्र आपला वेग आपणच कमी करते. ते गादीवर ठेवल्यास खालच्या झरोक्यांतील वारा कोंडतो. मेजावर, मागची बाजू थोडी उचलून ठेवावे.

मुनिरक्याहून २०१८ साली सुरू झालेल्या मॅजेंटा मार्गाच्या मेट्रोने कालकाजी मंदिर गाठावे. तेथे गाडी बदलली की पुढचेच स्थानक नेहरू प्लेस. दिल्लीतील संगणकांची ही नामांकित पेठ. तेथे अवश्य जावे. निदान कळफलकावर बोटे चालवून पाहण्यासाठी आणि बिजागरी डळमळते काय हे तपासण्यासाठी तरी जावेच. भाव मात्र आदल्या रात्री ऑनलाइन पाहून ठेवावा. विकत घेताना डबा समक्ष उघडावा. त्यावरील निर्मितीचा महिना व वर्ष वाचावे. डबा, यंत्र व पावती या तिन्हींवरील अनुक्रमांक जुळतात की नाही ते पाहावे. ‘बिल नको असेल तर हजार रुपये कमी’ हे आमिष नाकारावे, कारण पुढे तंटा झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर किंवा ग्राहक आयोगापुढे पावतीच उपयोगी पडते. हमीत तंत्रज्ञ घरी येतो की यंत्र केंद्रावर न्यावे लागते, हेही विचारावे.

विंडोजशिवाय येणारे यंत्र काहीसे स्वस्त पडते. लिनक्स विनामूल्य असून मराठीचा इन्स्क्रिप्ट कळफलक दोहोंत उपलब्ध आहे. जुने यंत्र घ्यावयाचे झाल्यास इतके ध्यानात असावे की, विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जे यंत्र विंडोज ११ स्वीकारत नाही, ते लिनक्ससाठीच घ्यावे.

साठ हजारांतील चारपाच हजार मात्र लॅपटॉपवर खर्च करू नयेत. त्यांतून एक बाह्य डिस्क घ्यावी, दर आठवड्यास प्रबंधाची प्रत तिच्यात उतरवावी, आणि ती डिस्क लॅपटॉपच्या पिशवीत न ठेवता खोलीतच ठेवावी.