सोन्याचा मुलामा

सोनें आणि सोन्याचा मुलामा ह्यांतील भेद पाहतांक्षणीं कळत नाहीं. दोहोंचें तेज सारखेंच दिसतें. परंतु दागिना कसोटीवर घासला, म्हणजे आंतील पितळ उघडें पडतें. मार्क ट्वेन ह्या विनोदी अमेरिकन ग्रंथकारानें चार्लस डडली वॉर्नर ह्या मित्राच्या साहाय्यानें १८७३ सालीं एक कादंबरी लिहिली आणि तिला 'मुलाम्याचें युग' अशा अर्थाचें नांव दिलें. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या तीस वर्षांतील अमेरिकेस पुढें इतिहासकारांनीं तेंच नांव दिलें. त्या युगांत सोनें किती होतें, पितळ किती होतें, आणि पितळ दिसूं लागल्यावर तेथील नागरिकांनीं काय केलें, ह्याचा थोडक्यांत विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

१८६५ सालीं अमेरिकेंतील यादवी युद्ध संपलें व गुलामगिरी कायद्यानें नष्ट झाली. त्यानंतर त्या विस्तीर्ण देशांत यंत्रांचा प्रसार विलक्षण वेगानें झाला. १० मे १८६९ रोजीं युटा प्रदेशांतील प्रॉमॉन्टरी येथें पूर्वेकडून व पश्चिमेकडून येणारे लोहमार्ग एकमेकांस जोडले गेले. ज्या प्रवासास गाड्यांच्या तांड्यांबरोबर कित्येक महिने लागत, तो सुमारें एका आठवड्यांत होऊं लागला. युद्धाच्या अखेरीस देशांत सुमारें ३५,००० मैल लोहमार्ग होता. १९०० सालीं तो १,९०,००० मैलांहून अधिक झाला. रुळांसाठीं पोलाद, पोलादासाठीं कोळसा, कोळशासाठीं खाणी व खाणींसाठीं मजूर, अशी एक गरज दुसरीस जन्म देऊं लागली. युरोपांतून लक्षावधि लोक आगबोटींनीं येऊन दाखल झाले. बेल ह्यानें १८७६ सालीं टेलिफोन व एडिसन ह्यानें १८७९ सालीं विजेचा दिवा लोकांपुढें मांडला. हें सर्व खरें सोनें होतें. तें नाकारणें अप्रामाणिकपणाचें होईल.

ह्या युगाची सारी कथा एका मुलाच्या चरित्रांत सांठविलेली आहे. अँड्र्यू कार्नेगी ह्याचा जन्म १८३५ सालीं स्कॉटलंडमधील डनफर्मलिन ह्या गांवीं एका विणकराच्या घरीं झाला. वाफेचे माग आले, हातमागावरील बापाचा धंदा बसला, आणि १८४८ सालीं तें कुटुंब पोट भरण्यासाठीं अमेरिकेस गेलें. लहानगा अँड्र्यू सुताच्या गिरणींत आठवड्यास १ डॉलर २० सेंट पगारावर बॉबिनें उचलूं लागला. त्या गांवांतील कर्नल अँडरसन नांवाच्या गृहस्थानें आपलीं पुस्तकें कामकरी मुलांना वाचावयास खुलीं केलीं होतीं. त्यांवर ह्या मुलानें आपली ज्ञानाची भूक भागविली. तारखात्यांतील निरोप्या, तारमास्तर, रेल्वेंतील अधिकारी अशा पायऱ्या चढत तो अखेरीस पोलादाच्या धंद्याचा राजा झाला. १९०१ सालीं त्यानें आपले कारखाने ४८ कोटि डॉलरांस विकले. हें चरित्र विद्यार्थ्यांस उद्योगशीलतेचा धडा म्हणून सांगतात, आणि तें योग्यच आहे. परंतु धडा अर्ध्यावर सोडूं नये.

पिट्सबर्गजवळ होमस्टेड येथें कार्नेगीचा मोठा पोलादाचा कारखाना होता. १८९२ सालीं तेथील मजुरी कमी करण्याचें ठरलें. कामगारांच्या संघानें तें नाकारतांच व्यवस्थापक हेन्री फ्रिक ह्यानें कारखान्यास टाळें ठोकलें व सुमारें ३०० भाडोत्री सशस्त्र पहारेकरी आणविले. ६ जुलै रोजीं पहाटे ते नदींतून पडावांत बसून आले. तीरावर कामगार उभेच होते. दिवसभर गोळीबार झाला व दोन्ही पक्षांचे मिळून निदान दहा माणसें मेलीं. पुढें राज्याचें सैन्य आलें, संप मोडला आणि संघाचें बळ नाहींसें झालें. कार्नेगी त्या वेळीं स्कॉटलंडमध्यें होता. परंतु फ्रिक ह्यास मोकळीक त्यानेंच दिली होती. ज्याच्या बापास यंत्रानें देशोधडीस लाविलें, त्याच्याच यंत्रांपुढें आतां दुसऱ्यांचे बाप असहाय उभे होते.

श्रीमंतानें स्वतःस संपत्तीचा विश्वस्त समजून ती हयातींतच लोकहितार्थ खर्चावी, असा लेख कार्नेगीनें १८८९ सालीं लिहिला होता, आणि तो शब्द त्यानें बव्हंशीं पाळला. त्याच्या देणगींतून जगभर २,५०० हून अधिक ग्रंथालयें उभीं राहिलीं. त्यांपैकीं एक होमस्टेड येथें १८९८ सालीं उघडलें. इमारत सुंदर, पुस्तकें उत्तम. परंतु त्या कारखान्यांत बारा बारा तासांच्या पाळ्या चालत. दिवसाचे बारा तास भट्टीपुढें काढणाऱ्या मनुष्यानें पुस्तक केव्हां उघडावें? दान मोठें होतें, ह्यांत शंका नाहीं. पण तें घेण्यापुरतीही फुरसत ज्याला उरली नाहीं, त्याला आधीं दान नव्हे, न्याय हवा होता.

तर मग राज्यकर्ते काय करीत होते? न्यूयॉर्क शहराचा कारभार ट्वीड नांवाच्या पुढाऱ्याच्या टोळीनें बळकावून लोकांचा पैसा लुटला. टॉमस नास्ट ह्या चित्रकारानें व्यंगचित्रांनीं त्याचें सोंग उघडें केलें. वाचतां न येणाऱ्यांसही चित्र समजतें, हीच ट्वीडला मोठी धास्ती. तो स्पेनमध्यें पळाला, तेव्हां नास्टच्या चित्रावरूनच त्याची ओळख पटली असें सांगतात. १८७८ सालीं तो तुरुंगांत मेला. सरकारी जागाही गुणावर नव्हे, तर पक्षसेवेचें बक्षीस म्हणून वांटल्या जात. अशी जागा न मिळाल्यामुळें चिडलेल्या एका इसमानें १८८१ सालीं राष्ट्राध्यक्ष गारफील्ड ह्यांच्यावर गोळी झाडली, आणि त्यांचें देहावसान झालें. तेव्हां कोठें, १८८३ सालीं, कांहीं सरकारी नोकऱ्यांसाठीं परीक्षेची पद्धत सुरू झाली.

ह्याच काळांत दक्षिणेकडील नीग्रो नागरिकांचे युद्धानंतर मिळालेले हक्क एकामागून एक हिरावले गेले. १८९६ सालीं तर सर्वोच्च न्यायालयानें त्यांना वेगळ्या डब्यांत बसविणें कायदेशीर ठरविलें. ज्या चिनी मजुरांनीं डोंगर फोडून लोहमार्ग घातला, त्यांच्या बांधवांस १८८२ च्या कायद्यानें दार बंद झालें.

मग हा देश सुधारला कसा? केवळ कायदा करून नव्हे. व्यापारांतील मक्तेदारी मोडण्यासाठीं १८९० सालीं शर्मन कायदा झाला; परंतु १८९४ च्या रेल्वे-संपांत त्याचाच आधार घेऊन संपकऱ्यांस मनाई करण्यांत आली! कायद्यास डोळे देण्याचें काम नागरिकांनीं केलें. डेन्मार्कहून आलेल्या जेकब रीस ह्यानें न्यूयॉर्कच्या कोंदट चाळींचीं छायाचित्रें घेऊन १८९० सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध केलीं. जेन अ‍ॅडम्स ह्या बाईंनीं १८८९ सालीं शिकागोच्या गरीब वस्तींत 'हल हाउस' ही संस्था काढली व त्या स्वतः तेथेंच राहिल्या. त्यांच्या सहकारी फ्लॉरेन्स केली ह्यांच्या खटपटीनें १८९३ सालीं इलिनॉय राज्यानें चौदा वर्षांखालील मुलांस कारखान्यांत ठेवण्याची बंदी केली. तरीही १९०० च्या खानेसुमारींत दहा ते पंधरा वर्षें वयाचीं साडेसतरा लक्ष मुलें कामावर असल्याचें आढळलें. सर्व देशास लागू होऊन टिकणारा बालमजुरीविरुद्धचा कायदा १९३८ सालीं झाला. म्हणजे पंचेचाळीस वर्षें लागलीं! विद्यार्थ्यांनीं हा आंकडा ध्यानांत ठेवावा.

आपल्या महाराष्ट्रांतील एका विदुषीनें हें युग प्रत्यक्ष पाहिलें होतें. पंडिता रमाबाई १८८६ सालीं डॉ. आनंदीबाई जोशी ह्यांच्या पदवीदान-समारंभासाठीं फिलाडेल्फियास गेल्या व १८८८ पर्यंत त्या देशांत हिंडल्या. १८८९ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या मराठी प्रवासग्रंथांत त्यांनीं तेथील शिक्षण व स्त्रियांच्या संस्था ह्यांचें सविस्तर वर्णन केलें आहे. सबंध देशांत स्त्रियांस मताचा अधिकार १९२० सालीं मिळाला. परंतु त्याची वाट न पाहतां त्यांनीं संस्था काढल्या, सभा भरविल्या, अर्ज केले. ज्यांच्या हातीं सत्ता नव्हती, त्यांनींच सत्तेस कर्तव्य शिकविलें.

ह्यावरून आम्ही इतकेंच म्हणूं: एखाद्या इमारतीवर दात्याचें नांव कोरलेलें दिसलें, तर त्याचें स्मरण कृतज्ञतेनें करावें, परंतु तें धन ज्यांच्या घामांतून निघालें, त्यांचीं नांवें कोठें कोरलेलीं नसतात, हेंही विसरूं नये. पालकांनींही मुलांस कार्नेगीची गोष्ट जरूर सांगावी, आणि ती सांगून झाल्यावर होमस्टेडची सांगावी.