ओझे वाटून घेऊ या : माणदेशाने दिलेला धडा

चांगल्या शोमरोन्याचा दाखला (लूक १०) आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्याने वाटेवर पडलेल्या माणसाच्या जखमा बांधल्या, हे आपल्या लक्षात राहते. पण त्याने आणखी एक काम केले. त्या माणसाला उतारशाळेत नेले, दुसऱ्या दिवशी मालकाच्या हाती पैसे ठेवले आणि जास्त खर्च झाला तर परत येताना देईन, असे सांगितले. त्याने नुसती कीव केली नाही. माणूस पायावर उभा राहीपर्यंतची सोय केली. कष्टकऱ्यांच्या अडचणीत अशी सोय कशी करता येते, हे आज आपण सातारा जिल्ह्यातील माण तालुक्याच्या उदाहरणावरून पाहू.

१. अडचण कशी वाढते?

माण हा पर्जन्यछायेतला तालुका. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस इथवर येईतो ओसरलेला असतो. म्हणून इथले कोणी मेंढरे घेऊन, कोणी ऊसतोडीला, तर कोणी मुंबईला माथाडी कामासाठी घर सोडतात. मागे राहिलेल्यांना जनावरांचा आधार असतो. २०१२ च्या दुष्काळात चारापाणी संपले, तेव्हा हा आधारच डळमळला. दुष्काळात सगळेच जनावरे विकायला काढतात, त्यामुळे भाव पडतो. पुढे पाऊस झाला तरी तेवढ्या पैशांत बैल परत मिळत नाही. एका हंगामाचे संकट असे जन्माचे दारिद्र्य होऊन बसते.

२. वेळेवर मिळालेली साथ

म्हसवडच्या माणदेशी महिला बँकेत त्या वर्षी एक बाई चाऱ्यासाठी आपले सोने गहाण ठेवायला आली. कर्ज दिले असते तर बँकेचा व्यवहार पूर्ण झाला असता. पण गावात पाणीच नसेल, तर पैशाने विकत घ्यायचे काय? चेतना गाला सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी म्हसवडला चारा छावणी उघडली. सुमारे ७,००० शेतकऱ्यांची १४,००० जनावरे तिथे सांभाळली गेली. छावणी जवळजवळ दीड वर्ष चालली. गोठा मोडला नाही, म्हणून पाऊस आल्यावर शेतकऱ्याला पुन्हा उभे राहता आले.

३. मान राखून केलेली मदत

या बँकेची सुरुवातही लक्षात घेण्यासारखी आहे. रस्त्याकडेला राहून लोखंडकाम करणाऱ्या एका बाईला पावसाळ्यापूर्वी डोक्यावर प्लास्टिकचा कागद घालण्यासाठी थोडे थोडे पैसे साठवायचे होते. रक्कम फारच लहान, म्हणून बँकांनी तिचे खाते उघडले नाही. तिने भीक मागितली नव्हती, कर्जही मागितले नव्हते. स्वतःचाच पैसा सुरक्षित ठेवायचा होता.

तेव्हा महिलांची बँक काढायचे ठरले. सभासद अंगठेबहाद्दर म्हणून रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला. बायका लिहावाचायला शिकल्या आणि पुन्हा गेल्या. आम्हाला हिशेब येतो, कोणत्याही रकमेचे व्याज तोंडी काढून दाखवतो, असे त्यांनी अधिकाऱ्यांना सुनावले. १९९७ मध्ये बँक सुरू झाली. बँकेत येण्यासाठी रोजगार बुडवणे बायांना परवडत नव्हते, म्हणून बँकच त्यांच्या दारी जाऊ लागली.

४. आपण काय शिकावे?

पहिली गोष्ट, मदत वेळेवर हवी. बैल विकल्यानंतर दिलेल्या धान्याच्या पिशवीपेक्षा बैल विकण्यापूर्वी मिळालेली चाऱ्याची पेंढी मोलाची. दुसरी, अडचणीतल्या माणसाला आधी विचारावे. त्याची गरज त्यालाच नेमकी ठाऊक असते. तिसरी, मदतीने त्याची मान खाली जाऊ नये.

आपल्या धर्मग्रामातही कोणाची नोकरी गेलेली असते, कोणी रिक्षाचा हप्ता भरू शकत नाही, तर कोणी आजारपणापायी मजुरीला मुकलेले असते. लाजेपोटी ते बोलत नाहीत. पुष्कळदा रविवारी मिस्सेला यायचेही टाळतात. त्यांची रिकामी जागा आपल्या लक्षात येते का?

चिंतनासाठी प्रश्न

१. आपल्या वाडीत किंवा इमारतीत कोणाचे काम थांबले आहे, हे आपल्याला माहीत आहे का?
२. त्यांना आज काय हवे आहे : पैसे, ओळखीने काम, मुलांची फी, की कोणी तरी येऊन बसणे?
३. आपण चारपाच कुटुंबे मिळून त्यांच्यासाठी निदान तीन महिन्यांची सोय करू शकू का?

या आठवड्यात निदान एका घरी आपण स्वतः जाऊन येऊ या.